चीताचा उत्तराधिकारी : एका हेलिकॉप्टरची जागा भरण्यासाठी चाललेला वीस वर्षांचा वाद

पुण्याच्या खराडीत राहणाऱ्याला लष्करी विमानाचा आवाज नवा नाही. आयटी पार्कच्या काचेरी इमारतींवरून लोहगावच्या तळावरची सुखोई कडाडत जातात आणि मिनिटभर फोनवरचे बोलणे थांबते. सुखोई-30 एमकेआय लोहगावात दाखल झाली 2002 साली. साधारण त्याच काळात दिल्लीत दुसऱ्या एका खरेदीची फाईल उघडली गेली. ती सुखोईच्या मानाने किरकोळ वाटावी अशी होती : चेतक आणि चीता या जुन्या, हलक्या हेलिकॉप्टरांच्या जागी नवी घ्यायची. सुखोईने आपले तारुण्य लोहगावात काढले, मध्यमवय गाठले. ती फाईल मात्र अजून मिटलेली नाही.

वाद समजून घ्यायचा तर आधी हे जुने हेलिकॉप्टर आले कुठून ते पाहावे लागते.

जून 1962 मध्ये भारताने फ्रान्सच्या स्युद आव्हियासिआँ या कंपनीशी अल्युएत-3 हे हेलिकॉप्टर भारतात बनवण्याचा करार केला. पाचच महिन्यांत चीनचे युद्ध झाले, कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे महाराष्ट्र तेव्हा अभिमानाने म्हणत होता. चव्हाणांच्याच कारकिर्दीत, 1965 साली, बंगळूरच्या कारखान्यात जुळवलेले पहिले अल्युएत उडाले. पुढे राणा प्रतापांच्या घोड्यावरून त्याचे नाव चेतक पडले.

चेतक चांगले होते, पण हिमालयाला पुरे पडत नव्हते. कारण साधे आहे. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्या बळावर यंत्र वर राहते. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी उरते. पात्यांना ढकलायला हवाच कमी, आणि इंजिनालाही श्वास कमी. म्हणून 1968 च्या सुमारास भारताने फ्रेंचांपुढे अट ठेवली : हलके असू दे, साधे असू दे, पण हिमालयाच्या माथ्यावर उतरले पाहिजे. फ्रेंच अभियंत्यांनी जुन्या अल्युएत-2 चा सडपातळ सांगाडा घेतला आणि त्यावर अल्युएत-3 चे दणकट इंजिन व पाती बसवली. हे यंत्र मार्च 1969 मध्ये प्रथम उडाले. त्याचे फ्रेंच नाव लामा, आपले नाव चीता.

त्याच वर्षी हिमालयातील प्रात्यक्षिकात ते साडेसात हजार मीटरवर उतरले आणि तिथून पुन्हा उडालेही. 21 जून 1972 रोजी झाँ बुले या वैमानिकाने त्याला 12,442 मीटरवर नेले. त्या उंचीवर इंजिन विझले आणि बुले पाती नुसती वाऱ्यावर फिरवत खाली उतरला. म्हणजे चीता ही बाजारात मिळाली म्हणून घेतलेली वस्तू नव्हती. भारताच्या गरजेच्या मापाने शिवलेला तो अंगरखा होता. पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ इथेच आहे. इतक्या नेमक्या मापाचा दुसरा अंगरखा जगाच्या बाजारात सहज मिळेना.

13 एप्रिल 1984 च्या पहाटे कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या जवानांना चीतांनी बिलाफोंड ला या खिंडीत उतरवले आणि सियाचीनची मोहीम सुरू झाली. त्या दिवसापासून तिथल्या उंच चौक्यांचा जीव या हेलिकॉप्टरात अडकला आहे. सर्वांत वरच्या चौक्यांवर एका खेपेत रॉकेलचे एखाददुसरे डबडे किंवा भाजीची एखादी गोणी, एवढेच नेता येते. परतीच्या खेपेत हिमदंश झालेला जवान असतो. दोन वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1986 रोजी, लष्कराचे स्वतःचे हवाई दल, आर्मी एव्हिएशन कोअर, स्थापन झाले. 2003 पासून त्याच्या वैमानिकांची शाळा नाशिकला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरच्या, द्राक्षबागांच्या त्या प्रदेशात उडायला शिकलेली मुले काही वर्षांत दसपट उंचीवर तेच यंत्र नेतात.

फ्रान्समध्ये लामाचे उत्पादन 1989 मध्ये थांबले. आपल्याकडे चालूच राहिले. चीताला ना स्वयंचलित उड्डाण-नियंत्रण, ना आधुनिक पडदे, ना हवामानाचे रडार. ढगात शिरले की वैमानिकाच्या डोळ्यांवर आणि नशिबावर सगळी भिस्त.

नवे घेण्याचा पहिला प्रयत्न 197 हेलिकॉप्टरांचा होता. अमेरिकेचे बेल आणि युरोपचे युरोकॉप्टर यांच्यात चुरस झाली, चाचण्या झाल्या आणि युरोकॉप्टरच्या फेनेकची निवड ठरली. डिसेंबर 2007 मध्ये मात्र सगळे रद्द झाले. चाचणीला जे हेलिकॉप्टर उडवले ते त्या कंपनीचे नागरी रूप होते, विकायचे होते ते लष्करी रूप नव्हे, असा आक्षेप निघाला. या निर्णयाला आज सर्रास लालफितीचा नमुना म्हटले जाते. ते पूर्णपणे न्याय्य नाही. ज्या यंत्रावर चाळीस वर्षे माणसे पाठवायची, तेच यंत्र तपासले गेले पाहिजे, हा आग्रह चूक कसा म्हणावा? चूक झाली ती आधी : हा फरक चाचण्यांच्या पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता.

2008 मध्ये पुन्हा निविदा निघाली. आता फेनेकसमोर रशियाचे कामोव्ह-226टी उभे होते आणि इथे वादाला तांत्रिक धार आली. फेनेकला एक इंजिन, कामोव्हला दोन. एक इंजिन बंद पडले तर दुसरे आहे, मग दोन इंजिनांचेच घ्यावे, हे ऐकायला बिनतोड वाटते. पण दुसरे इंजिन म्हणजे जास्तीचे वजन आणि जास्तीचे इंधन. विरळ हवेत प्रत्येक किलो मोजून न्यावा लागतो, आणि अगदी वरच्या चौकीपाशी एक इंजिन गेले तर उरलेले एकटे हेलिकॉप्टरला अधांतरी स्थिर ठेवू शकेलच असे नाही. दुसरीकडे, खालच्या दऱ्यांतून येताना तेच दुसरे इंजिन जीव वाचवू शकते. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

एवढ्यात दुसऱ्याच एका हेलिकॉप्टरने घोळ घातला. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या जुन्या मी-8 च्या जागी घ्यायची बारा ऑगस्टा-वेस्टलँड हेलिकॉप्टरे, 2010 चा करार, सुमारे 3,600 कोटी रुपये. उंचीची अट 6,000 मीटरवरून 4,500 वर आणली गेली ती या कंपनीसाठीच, हा आरोपांचा गाभा होता. जानेवारी 2014 मध्ये तो करार रद्द झाला. त्यानंतर हेलिकॉप्टरच्या कागदावर सही करायला कोणाचा हात सहज उठेना. ऑगस्ट 2014 मध्ये 197 ची दुसरी निविदाही बाद झाली.

त्यानंतर एकाच महिन्यात, 1 ऑक्टोबरला, बरेलीत एक चीता कोसळले आणि तीन अधिकारी गेले. लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी संघटित झाल्या. ही हेलिकॉप्टरे जमिनीवर बसवा, अशी त्यांची उघड मागणी होती. लष्करी घरांतून सहसा असा आवाज बाहेर येत नाही. म्हणूनच तो ऐकू आला. नोव्हेंबर 2014 मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या टेबलावर होता. मुंबई आयआयटीच्या या धातुशास्त्राच्या अभियंत्याला झिजलेल्या यंत्राविषयी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण उत्तर सोपे नव्हते. उद्यापासून चीता थांबवले तर परवा सियाचीनच्या चौकीवर रॉकेल कोण नेणार? आजारी जवानाला खाली कोण आणणार? वैमानिकाचा जीव आणि चौकीवरच्या जवानाचा जीव एकाच तराजूच्या दोन पारड्यांत येऊन बसले होते. चीता उडत राहिले.

पर्रीकरांच्या काळातच, डिसेंबर 2015 मध्ये, रशियाशी कामोव्हसाठी सरकारी पातळीवर करार झाला. साठ तयार घ्यायची, बाकीची एकशे चाळीस भारतात बनवायची. किती टक्के भाग भारतीय असावेत यावर घोडे अडले, ते अडलेच. दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर 6 सप्टेंबर 2016 रोजी प्रथम उडाले. एकच इंजिन, तीन टनांच्या आसपासचा वर्ग. 2019 मध्ये त्याच्या लेहच्या उंचीवरील चाचण्या झाल्या आणि 6 फेब्रुवारी 2023 रोजी कर्नाटकात तुमकुरूजवळ त्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. कारखाना उभा राहिला. हेलिकॉप्टरांची रांग मात्र लागली नाही. स्वयंचलित उड्डाण-नियंत्रणाच्या यंत्रणेसाठी लष्कर अडून बसले. ज्या उणिवेपायी चीतावर टीका होत आली, तीच उणीव नव्या यंत्रात कशी चालवून घेणार?

मधल्या काळात ऑक्टोबर 2022 मध्ये तवांगजवळ आणि मार्च 2023 मध्ये बोमडिलाजवळ चीता पडले. दोन्ही अपघातांत वैमानिक गेले.

ऑगस्ट 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुन्हा एकदा कंपन्यांकडे माहिती मागवली : टेहळणीची दोनशे हलकी हेलिकॉप्टरे, 120 लष्करासाठी, 80 हवाई दलासाठी. पहिली निविदा 197 ची होती. वीस वर्षांत आकडा तीनने वाढला.