शिवारफेरी आपल्या कर्जतची

पैसे देऊन माणसं शेत बघायला येतात, हे सांगितलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून तोंडाला पदर लावून हसतात. पण कर्जत तालुक्यात ही रीत बरीच जुनी आहे.

आपलं भात संशोधन केंद्र १९१९ सालचं. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे गेलं. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही बियाणी इथलीच. शेतकऱ्यांना शेतावर नेऊन उभं पीक दाखवायचं, याला शिवारफेरी म्हणतात. बघणारा शेतकरीच, दाखवणारे शास्त्रज्ञ. शहरातला माणूस त्यात नव्हता.

तो आला नेरळला. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परतले, गावची शेती हाती घेतली आणि १९८५ च्या सुमारास सगुणा बागेत पाहुणे घेऊ लागले. भात, मासे, फळझाडं, जनावरं, सगळं एका जागी. नुसत्या भातावर बसलेल्याचं एका पावसात वाटोळं होतं. इथे एक गेलं तर दुसरं हात देतं. पुढे त्यांनीच सगुणा भात तंत्र काढलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कायमचे गादीवाफे, भाताची मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा मूग. लावणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला यातलं मोल वेगळं सांगायला नको. मात्र यात तणनाशक लागतं. कुरडू, टाकळा ही आपली भाजी, पण फवारणाऱ्याच्या लेखी तण. हे मला खटकतं.

त्या भाजीचं मोल जपलं ते कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने. भाताची गावठी बियाणी आणि रानभाज्या यांवर या संस्थेने ठाकूर वस्त्यांबरोबर काम केलं. शेवळं काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा खवखवतो, हे कुठल्या पुस्तकातून नाही, ठाकरीण-कातकरीण बायांकडूनच शिकायचं. पाहुण्याला दाखवण्यासारखं खरं तर हेच. पोहण्याचा तलाव काय, कुठेही मिळतो.

बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या आसपास कृषी पर्यटनाचं काम राज्यभर नेलं. २०२० साली सरकारने धोरणही काढलं. केंद्राची नोंदणी करता येते, पण त्याला जमिनीचे कागद लागतात. आणि इथे आपलं घोडं अडतं. बियाणं आपण राखतो, पोपटीचं मडकं आपण भरतो, नाचणीची भाकरी आपण थापतो, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. दलाल फार्महाऊससाठी जमीन मागायला आला की बोलणी ओटीवर पुरुषांशी होतात, आणि चहा तेवढा आपण नेतो.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, ती याच दुखण्यावर. गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारनेही निर्णय काढला. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. म्हणजे अर्ज नवऱ्याचाच हवा, ही त्यातली मेख.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणा. कोणाकोणाची नावं आहेत, ते एकत्र वाचू. मग शेवळं उगवायच्या आत तलाठी कार्यालयात जाऊ.