कुंभकोणमचा शाळकरी माधव

आज चोळपुरम्‌हून बोलतोय. इथून जवळच कुंभकोणम. तिथे १८२८ साली एका मराठी घरात माधवराव जन्मले, पुढचे राजा सर टी. माधवराव. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये नऊ वर्षांचा पहिला 'पेज', म्हणजे निरोप्या पोरगा, लागला. तोही सिनेटर वेबस्टर यांच्या शब्दावर. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? माधवरावांचे वडील आणि चुलते, दोघंही त्रावणकोरचे दिवाण!

पण १८३९ मध्ये सुमारे ७०,००० लोकांनी इंग्रजी शिक्षणासाठी मद्रासच्या गव्हर्नरांकडे अर्ज केला. १८४१ मध्ये सरकारी हायस्कूल निघालं, आणि माधव पॉवेल मास्तरांकडे गणित शिकू लागला. १८४६ मध्ये परीक्षा झाली. मग थोडी मास्तरकी, महालेखापालांच्या कचेरीत नोकरी, आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी. तिशीच्या उंबरठ्यावर दिवाणगिरी. घराण्याचं नाव कामी आलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण राजपुत्रापुढे गणित सोडवायला वडिलांचं नाव पुरत नाही.

१८७५ मध्ये बडोद्याचा कारभार हाती आला, तेव्हा गादीवर बारा वर्षांचे सयाजीराव होते. त्यांना माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती 'मायनर हिंट्स' नावाने छापली गेली.