ख्रिस्ती दलित : श्रद्धा आणि दाखला

धर्मनिरपेक्ष राज्यात ख्रिस्ती म्हणून कसे जगावे, ह्या प्रश्नाची चर्चा व्यासपीठावरून नेहमी पापपुण्याच्या भाषेत होते. गावकुसाबाहेरून आलेल्या ख्रिस्ती माणसाला मात्र हा प्रश्न तहसील कचेरीच्या खिडकीशी गाठतो. धर्म खरा सांगितला की सवलत जाते; सवलत हवी तर श्रद्धा लपवावी लागते. ही कोंडी कशी तयार झाली, हे आपण तपासले पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले. पुढे त्या भागातील अनेक महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोटासाठी धर्म विकला, असा शेरा प्रस्थापितांनी त्यांच्यावर मारला. ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांनी पाटी-पुस्तक आणि माणूस म्हणून हाक मारणारा देव जवळ केला, तर त्यात विक्री कसली? पण धर्म बदलला तरी वस्ती तीच राहिली. गावाच्या लेखी महारवाडा हा महारवाडाच होता.

राज्यकर्त्यांनी मात्र निराळाच हिशेब मांडला. अनुसूचित जातींची यादी १९३६ साली ब्रिटिश राजवटीत निघाली, आणि भारतीय ख्रिस्ती मनुष्य ह्या यादीत येणार नाही, असे त्याच आदेशात लिहिले गेले. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तेनेच हे केले! स्वतंत्र भारतात १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, तिसऱ्या परिच्छेदात, हिंदू धर्माचे बंधन घातले. ते शिखांसाठी १९५६ साली आणि बौद्धांसाठी १९९० साली सैल झाले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले.

आपण बौद्धांनी १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे धर्मांतराची हीच शिक्षा भोगली. महाराष्ट्र सरकारने सवलती दिल्या, तरी केंद्राच्या दारात नवबौद्ध परकाच होता. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या दाखल्यामागे १९९० ची दुरुस्ती आहे. म्हणून ख्रिस्ती दलितांचा प्रश्न मला परका वाटत नाही.

मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चांभाराला सरकारी योजनेतली टपरी केवळ ख्रिस्ती म्हणून नाकारली गेली. 'सूसाई' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले की, धर्मांतरानंतरही नव्या समाजात जातीचा जाच तितकाच तीव्र आहे, हे दाखवले पाहिजे. म्हणजे जखम दाखवण्याचे ओझेही जखमीवरच! रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हे धर्माचे बंधन काढण्याची शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म पाळून आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी प्रतारणा ठरवली. पण माणसाला असे दुहेरी जगायला लावणाऱ्या आदेशाचे काय?

राज्याला दोष देऊन चर्चची मात्र सुटका होत नाही. बाबासाहेबांनी १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे भाषण केले. दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते, आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, हे त्यांनी स्पष्ट सुनावले. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या अंगणातील अस्पृश्यतेची कबुली देणारे दलितविषयक धोरण जाहीर केले ते २०१६ साली. मधल्या काळात तामिळनाडूत ख्रिस्ती दलितांना मेल्यावरसुद्धा वेगळे दफन सोसावे लागले.

न्यायालय मागते तो पुरावा चर्चच्या दफनभूमीत आहे, बाकांच्या मांडणीत आहे, सोयरिकीत आहे. अब्रूच्या भयाने चर्च तो झाकते, आणि त्या मौनाची किंमत दलित ख्रिस्ती मोजतो. 'साक्ष देणे' हा ख्रिस्ती धर्मातला मोठा शब्द. आज ती साक्ष आपल्याच जातीयतेविरुद्ध उघडपणे देणे, हेच धर्मनिरपेक्ष राज्यात श्रद्धेने जगणे होय. आणि चौतीस वर्षे दाराबाहेर उभे राहिलेल्या आपण त्यांच्या मागणीपाशी उभे राहिले पाहिजे. मात्र आधीच अपुऱ्या असलेल्या ताटात वाटेकरी न वाढवता ताटच मोठे करा, ही मागणीही सोबत हवी.