चराऊ स्थलांतर

चराऊ स्थलांतर : ऋतुमानाला अनुसरून गुरे, म्हशी किंवा शेळ्यामेंढ्या यांचे कळप एका चराऊ प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात ठरावीक वाटांनी नेण्याची व तितक्याच नियमितपणे परत आणण्याची पशुपालकांची पद्धत. हिच्यात आणि निव्वळ भटकेपणात महत्त्वाचा फरक आहे. चराऊ स्थलांतर करणाऱ्याला घर व गाव असते, देवस्थान असते, पुष्कळदा थोडी शेतीही असते. केवळ कळपाच्या गरजेसाठी तो वर्षाचा काही काळ घराबाहेर काढतो. कोणत्या महिन्यात कोठे गवत व पाणी मिळेल, कोणत्या गावची शेते केव्हा मोकळी होतील, नदीला उतार कोठे सापडेल, याचे पिढ्यान् पिढ्या साठविलेले ज्ञान हे या पद्धतीचे खरे भांडवल होय.

यूरोपातील आल्प्स पर्वतप्रदेश हे या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्या पर्वताच्या नावातील ‘आल्प’ या शब्दाचा स्थानिक अर्थच मुळी उंचावरील उन्हाळी कुरण असा आहे. बर्फ वितळल्यानंतर, मेअखेरीस वा जूनमध्ये, गाई दऱ्यांतील गावांमधून वर नेतात आणि सप्टेंबरमध्ये त्या खाली उतरवितात. त्या अवकाशात दरीतील गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी साठविले जाते. वर असलेल्या लाकडी वा दगडी झोपड्यांतून दूध काढून तेथेच त्याचे टणक चीज बनविण्याची प्रथा जुनी आहे. कारण रोजचे दूध डोंगर उतरून बाजारात नेणे अशक्य होते आणि चीज मात्र महिनोन् महिने टिके. पुढे गिर्यारोहण व पदभ्रमण यांची आवड वाढल्यावर याच झोपड्या प्रवाशांची विश्रांतिस्थाने बनल्या आणि गाईंच्या वाटा पदभ्रमणाच्या वाटा झाल्या. स्वित्झर्लंडमधील या उन्हाळी चराईहंगामाचा समावेश २०२३ मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत करण्यात आला. हिमालयातील गद्दी, गुज्जर, बकरवाल इ. जमातींचे स्थलांतर याच प्रकारात मोडते. गुलमर्ग, सोनमर्ग यांसारख्या नावांतील ‘मर्ग’ हे उंचावरील कुरणच होय.

महाराष्ट्रात या पद्धतीची दिशा बर्फ ठरवीत नाही, पाऊस ठरवितो. परिणामी आल्प्समधील क्रम येथे जवळजवळ उलटा होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वार्षिक पर्जन्यमान सु. ६,००० मिमी.च्या घरात जाते, तर तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशे किमी. अंतरावरील माणदेशात ते ५०० मिमी.च्या आसपास येते. मेंढीला सततचा पाऊस व चिखल सोसत नाही. म्हणून दख्खनी मेंढ्या पाळणारे धनगर पावसाळ्यात पूर्वेकडील कोरड्या माळरानांवर राहतात आणि दिवाळीनंतर, माळावरचे गवत वाळून पाणी आटू लागले म्हणजे, पश्चिमेस निघतात. माण, खटाव, फलटण, पुरंदर या भागांतील अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवितात. मेंढ्यांच्या लेंडीमुताने जमिनीला खत मिळते व त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोकड देतो. ज्येष्ठात पावसाची चाहूल लागताच वाडे घाट चढून परततात. ‘वाडा’ या शब्दाने येथे इमारतीचा बोध होत नाही; एकत्र चालणारी काही कुटुंबे, त्यांचे कळप, ओझ्याची तट्टे व राखणीची कुत्री मिळून वाडा होतो.

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर मात्र दुसराच समाज आढळतो. तो म्हणजे म्हशी पाळणारे गवळी धनगर. त्यांच्या वस्त्या चार-दोन घरांच्या, एकमेकींपासून दूर, डोंगराच्या सोंडांवर व पठारांवर वसलेल्या असतात. कारवीच्या कुडांना शेण-माती लिंपून उभारलेल्या घरात माणसे व जनावरे एकाच छपराखाली पावसाळा काढीत. आल्प्समधील गवळ्याची अडचण त्यांनाही होती आणि तिचे उत्तरही त्याच जातीचे होते. फक्त चीजच्या जागी लोणी व तूप आले. दूध खालच्या गावात पोहोचेपर्यंत नासते, लोणी नासत नाही. म्हणून दूध विरजून, घुसळून लोणी काढावयाचे, ताक घरी ठेवावयाचे आणि लोणी डोक्यावरून बाजारगावी नेऊन त्याच्या बदल्यात धान्य व मीठ आणावयाचे, असा हा व्यवहार होता. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी १९७०–८० या दशकात या समाजाचा अभ्यास करून असे दाखविले, की दरीतील कुणबी व माथ्यावरील गवळी धनगर यांनी एकाच डोंगराचे वेगवेगळे थर वाटून घेतले होते व त्यामुळे त्यांच्यात स्पर्धेपेक्षा देवघेव अधिक होती. रायगडावर दूध घालणाऱ्या हिरकणी गवळणीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी किल्ल्यावरील शिबंदीला दूधदुभते पुरविणारा वर्ग गडाच्या परिसरातच राहत असे आणि डोंगराच्या आडवाटा त्यालाच ठाऊक असत, एवढे वास्तव तीत निश्चित आहे.

पशुपालनाचा महाराष्ट्रातील इतिहास बराच मागे जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात (१९६८–८३) ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या अखेरच्या काळात, म्हणजे इ. स. पू. सु. १००० नंतर, मोठ्या चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतलेली दिसते. पाऊस घटून शेती खालावली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकर यांनी यावरून काढला. तो सर्वच पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. तथापि दुष्काळात शेतकरी मेंढपाळ बनतो ही प्रक्रिया दख्खनच्या पठारावर पुढेही अनेकदा घडली असल्याने तो सहज टाकून देता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात गोधनासाठी गोऽध्यक्ष व कुरणांसाठी विवीताध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. सातवाहन राज्ञी नागनिकेच्या नाणेघाट येथील लेखात यज्ञांच्या दक्षिणेत हजारो गाई दिल्याचा उल्लेख येतो. मध्ययुगातील वीरगळांवर गुरे सोडविताना मृत्यू पावलेल्या वीरांची दृश्ये वारंवार कोरलेली आढळतात. कळप हे संपत्तीचे रूप होते आणि म्हणूनच ते लुटीचेही लक्ष्य होते. जुने किल्ले व मंदिरे ‘गवळी राजा’ने बांधली अशी समजूत खानदेशापासून विदर्भापर्यंत प्रचलित आहे. मेळघाटातील गाविलगडाच्या नावाचा संबंधही गवळ्यांशी जोडतात. मराठेशाहीत वनचराई, म्हैसपट्टी यांसारखे कर घेतले जात व सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखीव असत. धर्मजीवनातही या दोन जीवनपद्धतींचा संबंध उमटला आहे. खंडोबाच्या दोन पत्नींपैकी म्हाळसा ही वाण्याची, तर बाणाई धनगराची कन्या मानली जाते. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या ग्रंथात (१९७६) वस्ती व रान, शेती व पशुपालन यांच्या परस्परावलंबनाचे सूत्र अशा कथांतूनच उलगडले आहे.

परभणी जिल्ह्यात सह्याद्रीसारखी उंच कुरणे नाहीत. जिल्ह्याचा मध्य गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा असून उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत. येथील स्थलांतर अंतराने लहान, परंतु तत्त्वतः तेच आहे. पावसाळ्यात काळी जमीन चिकट होते, शेते पिकांखाली असतात आणि मेंढ्यांच्या खुरांत चिखल साचून रोग उद्भवतो. त्यामुळे कळप मुरमाड डोंगरउतारांवर व माळांवर राहतात. सुगी झाल्यावर ते खोऱ्यातील शेतांत उतरतात. लाल कंधारी गाय व मराठवाडी म्हैस यांच्या पैदासीचे क्षेत्रही याच भागात येते. मात्र दुभत्या जनावरांचे फिरते कळप येथे प्रमुख नाहीत. फिरते ते मुख्यतः मेंढीचे कळप.

येथील मेंढपाळांत हटकर धनगरांना ऐतिहासिक महत्त्व आहे. वाशीम, हिंगोली (१ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग) व पैनगंगेचे खोरे हा त्यांचा मुख्य प्रदेश. आईन-इ-अकबरी मध्ये वाशीम परिसरातील हटकरांचा उल्लेख मानी व सहजी ताब्यात न येणारे लोक म्हणून आला आहे. डोंगरवाटांचा ताबा, स्वतःचे कळप राखण्यासाठी नित्य बाळगलेली शस्त्रे आणि फिरस्तीची सवय यांमुळे मेंढपाळातून लढवय्या बनणे त्यांना अवघड गेले नाही. त्यांच्यातील काही घराणी नाईक म्हणून डोंगरी प्रदेशाची राखण करीत व त्याचा मोबदला घेत. निजामाशी या नाईकांचे वारंवार खटके उडाले. त्यांपैकी नोवसाजी नाईक याच्याविरुद्ध निजामाच्या फौजेने मेजर पिटमनच्या नेतृत्वाखाली मोहीम काढली व १८१९ मध्ये वेढा घालून त्याचा नव्हा येथील किल्ला घेतला. या घटनेकडे केवळ बंडाळीचा बीमोड म्हणून पाहण्याची ब्रिटिश लेखकांची रीत अपुरी आहे. डोंगर आणि त्यांच्या वाटा यांवरील एका समाजाचा पारंपरिक हक्क येथे शस्त्राने संपविण्यात आला; पुढील काळात अन्यत्र तेच काम कायद्याने झाले.

१८७८ च्या व नंतर १९२७ च्या वन कायद्याने ब्रिटिश मुलखातील जंगले राखीव झाली, चराईला परवाने व शुल्क आले, आणि कळपाची जुनी वाट हा गुन्ह्याचा विषय बनू लागला. स्वातंत्र्यानंतर सह्याद्रीच्या माथ्यावर आणखी दडपण आले. कोयना धरणाच्या जलाशयाने (बांधकाम १९५४–६७) खालची गावे व बाजारवाटा पाण्याखाली नेल्या. त्या परिसरात पुढे अभयारण्य (१९८५) आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (२०१०) आल्यावर गवळी धनगरांच्या अनेक वस्त्यांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला, आणि हे स्थलांतर परतीचे नव्हते. दुसरीकडे रस्ते व दूधसंकलन केंद्रे आल्यामुळे लोण्याचा व्यवहार मागे पडला. रस्त्याजवळचे गवळी दूध विकू लागले; दूरच्या वाड्यांतील तरुण मुंबई-पुण्याकडे मजुरीस गेले.

परभणीसारख्या जिल्ह्यात प्रश्न जंगलापेक्षा गायरानाचा आहे. गावाच्या सामाईक चराऊ जमिनी भूमिहीनांनी, विशेषतः दलित कुटुंबांनी, कसण्यास घेतल्या. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५३ पासून त्यासाठी लढे झाले. शासनाने १९७८ व १९९१ च्या निर्णयांनी अशी अनेक अतिक्रमणे नियमित केली. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके जमीन आली नाही, त्यांचा हा हक्क न्याय्यच होता. मात्र त्याची किंमत पुष्कळ अंशी मोठ्या जमीनमालकांऐवजी दुसऱ्या भूमिहीन समाजाने, मेंढपाळाने, चुकती केली, हेही नमूद केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पंजाबमधील एका प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिल्यापासून हा संघर्ष पुन्हा तीव्र झाला आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी आणले आणि एका पिकानंतर लगेच दुसरे घेणे शक्य झाले. साहजिकच शेत मोकळे राहण्याचा व मेंढ्या बसविण्याचा काळ आखडला. रासायनिक खतांमुळे लेंडीखताची निकडही पूर्वीइतकी उरली नाही.

सह्याद्रीतील कळपांच्या जुन्या वाटांवर आज पदभ्रमण करणाऱ्यांची वर्दळ असते. राजगड–तोरणा ही डोंगरधार किंवा पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट चालताना लागणारे धनगरवाडे ताक, भाकरी व निवारा देतात. आल्प्समधील झोपड्यांशी हे साम्य वरवरचे आहे. तेथे शासन उन्हाळी चराईसाठी शेतकऱ्याला अनुदान देते व झोपडीवर त्याचा निर्विवाद हक्क असतो. येथे पाहुण्याला ताक देणाऱ्याच्या घराखालील जमीन पुष्कळदा वनखात्याच्या नावावर असते. कासच्या पठारावरही चराई बंद करून कुंपण घातल्याने फुलांचे रक्षण झाले की गवत माजून त्यांची हानी झाली, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पशुपालकांचा ऋतुमानानुसार चराईचा हक्क प्रथमच मान्य केला. तथापि अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या समाजांना त्यासाठी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात धनगरांची गणना भटक्या जमातींच्या ‘क’ गटात होते. वर्षातील आठ महिने वाटेवर असणाऱ्या कुटुंबाजवळ वास्तव्याचा कागद क्वचितच असतो.