मॉस्कोतील हेलियम आणि एक जामीनकतबा

1934 साली केंब्रिजहून नेहमीप्रमाणे मायदेशी गेलेल्या प्योत्र कापित्सा यांना सोव्हिएत सरकारने परत जाण्याची मनाई केली, तेव्हा केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांच्या छायेखाली तेरा वर्षे वाढलेले त्यांचे संशोधन तेथेच खुंटते की काय, अशी भीती होती. परंतु त्याच सरकारने मॉस्कोत त्यांच्याकरिता नवी संस्था उभारली आणि केंब्रिजमधील त्यांची यंत्रसामग्री 30,000 पौंड मोजून तिकडे नेली. या व्यवहाराला रदरफर्ड यांनी आडकाठी केली नाही, हे त्यांच्या मनाच्या थोरपणाला साजेसेच होते.

हेलियम वायू 4.2 केल्व्हिनला द्रवरूप होतो, हे लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी 1908 सालीच सिद्ध केले होते, आणि 2.17 केल्व्हिनच्या खाली त्या द्रवाचा स्वभाव पालटतो, हेही पुढे तेथेच ध्यानात आले होते. तो पालट नेमका कोणता, हे पाहण्यासाठी कापित्सांनी घासून गुळगुळीत केलेल्या दोन काचेच्या चकत्या एकमेकींवर अशा बसविल्या की, मधली फट मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढीच उरावी. एरवी जेथून द्रव जेमतेम झिरपायचा, तेथून हा थंड हेलियम विनासायास वाहून गेला. या अवस्थेला त्यांनी अतिप्रवाही हे नाव दिले. जानेवारी 1938 च्या ‘नेचर’च्या ज्या अंकात त्यांचे टिपण आले, त्याच अंकात केंब्रिजच्या अॅलन आणि मायझनर यांनीही हाच शोध स्वतंत्रपणे मांडला होता, 1978 चे नोबेल पारितोषिक मात्र या शोधाच्या हकदारांपैकी एकट्या कापित्सांच्या वाट्याला आले, आणि मला तो निवाडा अपुरा वाटतो.

शोध प्रसिद्ध झाला त्याच 1938 च्या एप्रिलअखेरीस कापित्सांच्या संस्थेतील तरुण सिद्धान्ती लेव्ह लँडाऊ यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. कापित्सांनी तत्काळ स्टॅलिनला पत्र लिहिले. वर्षभराने पंतप्रधान मोलोटोव्ह यांना धाडलेल्या अर्जात त्यांनी कळविले की, द्रव हेलियमच्या वर्तनाची उपपत्ती लावण्यासाठी आपणास लँडाऊंचीच गरज आहे. आणि अखेर गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या दप्तरी स्वतःच्या सहीने जामीनकतबा लिहून देऊन त्या कृश झालेल्या कैद्याला सोडवून आणले. ज्या काळी परिचिताचे नाव उच्चारणेही जिवावर बेतत असे, त्या काळातील ही सही आहे. अतिप्रवाही हेलियमच्या इतिहासात मी तिला कोणत्याही प्रयोगाइतकेच मोल देतो.

1941 मध्ये लँडाऊंनी आपली उपपत्ती प्रसिद्ध केली. केवल शून्याजवळ द्रवातील एकेका अणूचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही. द्रव ही निश्चल पार्श्वभूमी मानावी आणि तिच्यात उठणाऱ्या उत्तेजनांचाच तेवढा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे. ध्वनितरंगांच्या रूपाने असणारी उत्तेजने ती फोनॉन. आणि ज्यांना निर्माण होण्यासाठी काही किमान ऊर्जा लागतेच, ती रोटॉन. संवेगाप्रमाणे उत्तेजनाची ऊर्जा कशी बदलते हे दाखविणारी त्यांची 1947 ची सुधारित वक्ररेषा घाटवाटेसारखी आहे: आधी सरळ चढण, मग माथा, मग उतरून खिंड, आणि पुन्हा चढण. रोटॉनांचे ठिकाण त्या खिंडीत. प्रवाहाचा वेग एका मर्यादेखाली असेल, तर उत्तेजन निर्माण करण्याइतकी ऊर्जा त्याला सोडताच येत नाही, आणि म्हणून घर्षणही होत नाही.

सिद्धान्ताची परीक्षा त्याच संस्थेत झाली. अँड्रोनिकाश्विली यांनी पातळ धातूच्या चकत्यांची चळत एका बारीक तंतूला टांगून हेलियममध्ये झुलविली, 2.17 केल्व्हिनच्या वर चकत्यांमधला सगळा द्रव त्यांच्याबरोबर ओढला जाई, पण त्याखाली तापमान उतरेल तसतशी उत्तेजने विरळ होऊन ओढला जाणारा भाग घटत जाई आणि झोके अधिक जलद होत.

फ्रिट्झ लंडन आणि टिसा यांनी 1938 मध्येच अतिप्रवाहितेचा संबंध बोस-आइन्स्टाइन संघननाशी (अतिशीत अवस्थेत असंख्य कणांनी एकाच पुंज-अवस्थेत एकवटण्याशी), म्हणजे ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 साली घातलेल्या पायाशी जोडला होता. लँडाऊंनी तो मानला नाही, आणि येथे ते चुकले. 1947 मध्ये बोगोल्युबोव्ह यांनी बोस-वायूतूनच फोनॉन गणिताने निष्पन्न करून दाखविले. लँडाऊंची वक्ररेषा मात्र खरी ठरली. न्यूट्रॉनांचा मारा करून तिचा चढ-उतार 1961 पर्यंत प्रत्यक्ष मोजला गेला. 1995 साली बोल्डर येथे रुबिडियमच्या अतिशीत वायूत बोस-संघनन साधले, आणि 2018 मध्ये इन्सब्रुक येथे एर्बियमच्या चुंबकीय अणूंच्या विरळ वायूतही रोटॉन आढळले.

लँडाऊ 1968 मध्ये निवर्तले, कापित्सा 1984 मध्ये. आणि लँडाऊंवरील तो खटला सरकारी दप्तरातून रीतसर रद्द झाला तो 1990 साली.