वस्त्रागारातली ग्रामसभा

आपल्याकडे मनुष्य निवडणुकीला 'उभा राहतो', आणि उभा राहिला की त्यास आपण 'उमेदवार' म्हणतो. हा शब्द फारसीतून आपल्या दफ्तरांत आला आणि त्याचा मूळ अर्थ 'आशा धरून असलेला' एवढाच आहे, म्हणूनच जुन्या कचेऱ्यांतून कायम जागेची वाट पाहत बिनपगारी खर्डेघाशी करणारा तरुण हाही उमेदवारच असे. युरोपात याच अर्थाचा जो शब्द रूढ झाला तो लॅटिन 'कांदिदातुस' या शब्दापासून निघाला आणि त्याचा अर्थ 'शुभ्र वस्त्र धारण केलेला' असा आहे, कारण रोम नगरात अधिकारपदाची इच्छा धरणारा गृहस्थ खडूने पांढराशुभ्र केलेला झगा पांघरून लोकांपुढे येत असे. फारसी माणसाने त्याच्या अंतःकरणातील आशा पाहिली, रोमकराने त्याच्या अंगावरचे वस्त्र पाहिले. आणि इंग्लंडच्या खेड्यातील ज्या अगदी लहानशा निवडणुकीची कुळकथा मला येथे सांगावयाची आहे, तीही एका वस्त्रांच्याच खोलीतून सुरू होते.

इंग्लंडमधील ग्रामकारभाराचा सर्वांत खालचा घटक म्हणजे 'पॅरिश'. हा शब्द ग्रीक 'पॅरोइकिया' याचा वंशज होय. 'पॅरा' म्हणजे शेजारी आणि 'ओइकोस' म्हणजे घर. परमुलखात, दुसऱ्यांच्या शेजारी घर करून राहणाऱ्या उपऱ्यांची वस्ती असा त्याचा मूळ अर्थ. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःला या पृथ्वीवरील उपरेच मानीत, म्हणून त्यांच्या एकेका समुदायाला हे नाव पडले. यातील 'ओइकोस' हा शब्द आपल्या 'वेश्म' आणि 'विश्' या शब्दांचा सख्खा भाऊबंद आहे, हे कळल्यावर या परक्या संस्थेविषयी मनात एक निराळाच जिव्हाळा उत्पन्न होतो. पॅरिशमधील लोक जेथे जमत त्या जागेला आणि पुढे त्या सभेलाही 'व्हेस्ट्री' म्हणू लागले. व्हेस्ट्री म्हणजे चर्चमधील ती कोठडी, जेथे धर्मोपदेशकाचे पूजाविधीचे झगे ठेवलेले असत. लॅटिन 'वेस्टिस' आणि आपले 'वस्त्र' यांचा धातू एकच. तेव्हा व्हेस्ट्रीला 'वस्त्रागार' म्हटले तर ते भाषांतर न होता कुळाची ओळख पटल्यासारखे होईल.

धर्माच्या या कोठडीत निवडणूक शिरली ती कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथामुळे नव्हे. ती शिरली पट्टीमुळे. ट्यूडर राजांनी एकामागून एक सरकारी कामे पॅरिशच्या माथी मारली. १५३८ साली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम सुटला, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवून एक किल्ली धर्मोपदेशकाने व दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांनी बाळगावी असे ठरले. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती गावाच्या अंगावर आली: ईस्टरच्या सप्ताहात लोकांनी एकत्र जमून रस्त्यांचे दोन कारभारी निवडावयाचे आणि वर्षातून चार दिवस प्रत्येकाने त्या कामावर वेठ करावयाची. पुढे १६०१ साली निराधारांच्या पोषणासाठी गावावर सक्तीची पट्टी बसली. पट्टी बसली की ती किती, कोणावर आणि खर्च कोठे झाली, हे प्रश्न विचारणारी तोंडे आपोआप उघडतात. जो पट्टी भरतो त्यास वस्त्रागारात बसण्याचा अधिकार, ही रीत अशी कोणी घोषित न करता पडून गेली. अर्थात सर्वत्र नव्हे. कित्येक पॅरिशांत, विशेषतः मोठ्या नगरांत, काही प्रतिष्ठित कुटुंबांनी ही सभा बंदिस्त करून घेतली, आणि एक सभासद मृत झाला की उरलेले आपल्यातलाच दुसरा नेमून मोकळे होत. वतनाच्या विहिरीवर दोनच घरांनी रहाट धरून बसावे, असा तो प्रकार होता.

पण ज्या ठिकाणी दार उघडे राहिले, तेथून कोण कोण आत आले हे पाहण्यासारखे आहे. लंडनमधील सेंट बॉटॉल्फच्या पॅरिशमध्ये सेक्स्टनची, म्हणजे घंटा वाजविणे, कबरी खोदविणे, चर्चची झाडलोट पाहणे अशी कामे करणाऱ्या सेवकाची जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी सेरा ब्लाय नावाची एक स्त्री उभी राहिली. तिच्याविरुद्ध ऑलिव्ह नावाचा गृहस्थ होता. पुरुषांची निर्विवाद मते तिला १६९ आणि त्याला १७४ पडली. परंतु पट्टी भरणाऱ्या घरधनिणींनीही मते दिली होती आणि त्यांपैकी ४० सेराकडे व २२ ऑलिव्हकडे गेली होती. स्त्रियांची मते धरली तर सेरा विजयी, वगळली तर ऑलिव्ह. ऑलिव्ह न्यायालयात गेला. १७३९ साली राजाच्या न्यायासनापुढे हा खटला चालला आणि न्यायाधीशांनी निकाल दिला की पट्टी भरणाऱ्या स्त्रीला या निवडणुकीत मत आहे, आणि स्त्रीला ही जागा धारण करण्यासही प्रत्यवाय नाही. हे पद सार्वजनिक महत्त्वाचे नाही म्हणून चालेल, अशी त्या निकालातील विचारसरणी फारशी उदार नव्हती, हे खरे. तरीही पार्लमेंटच्या निवडणुकीत इंग्लंडमधील स्त्रीला मत मिळण्यास आणखी १७९ वर्षे लागणार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ४० घरधनिणींविषयी मला अतिशय आदर वाटतो. अधिकाराच्या इतिहासात राजवाड्याच्या पायऱ्यांचे वर्णन पुष्कळ आढळते; कबरी खोदविणाऱ्याच्या जागेसाठी दिलेल्या या मतांची आठवण मात्र फारच थोड्यांना आहे.

पट्टीतून अधिकार निपजला, तसा त्याच पट्टीतून अन्यायही निपजला. १८१८ साली स्टर्जस बोर्न या पार्लमेंटच्या सभासदाने पुढाकार घेऊन असा कायदा करून घेतला की ज्याच्या मालमत्तेची आकारणी ५० पौंडांहून कमी त्यास एक मत, आणि त्यापुढे प्रत्येक २५ पौंडांस आणखी एक, याप्रमाणे एका माणसास सहा मतांपर्यंत. म्हणजे एका मोठ्या शेतकऱ्याने तोंड उघडले की सहा झोपड्यांचा आवाज बुडाला. पुढे १८३४ च्या कायद्याने गरिबांचा सांभाळ पॅरिशकडून काढून अनेक पॅरिशांच्या संघांकडे दिला, मागाहून रस्तेही गेले, आणि वस्त्रागारातील सभा हळूहळू ओस पडली.

तिला पुन्हा जीव आला तो शेतमजुरांमुळे. इंग्लंडमधील खेड्यात जमीन जमीनदाराची, ती कसणारा मोठा खंडकरी, आणि त्याच्या हाताखाली राबणारा मजूर बहुधा धन्याच्याच घरात राहणारा. धनी रुष्ट झाला तर काम आणि छप्पर ही दोन्ही एकाच दिवशी जात. १८७२ च्या फेब्रुवारीत वॉरिकशरमधील वेल्सबर्न या गावी एका चेस्टनट वृक्षाखाली जोसेफ आर्च या मजुरातून वर आलेल्या उपदेशकाने सभा घेतली आणि तेथून शेतमजुरांची संघटना उभी राहिली. १८८४ साली खेड्यातील कुटुंबप्रमुखास पार्लमेंटचे मत मिळाले. आणि ज्याला राज्याच्या कारभारात मत आहे त्याला गावच्या पाणवठ्याविषयी बोलता येऊ नये, ही विसंगती मग फार काळ टिकणे शक्य नव्हते. प्रत्येक पॅरिशला निवडून आलेले कौन्सिल द्यावे, असा हेन्री फाउलर या मंत्र्याने मांडलेला कायद्याचा मसुदा पार्लमेंटच्या वरिष्ठ, म्हणजे लॉर्डांच्या, सभेने बराच छाटला. १ मार्च १८९४ रोजी चौऱ्याऐंशी वर्षांचे ग्लॅडस्टन कॉमन्सच्या सभागृहात जे शेवटचे भाषण करून निवृत्त झाले, ते याच मसुद्यावरील लॉर्डांच्या दुरुस्त्यांविषयी होते. चार वेळा मुख्य प्रधान झालेल्या पुरुषाची त्या सभागृहातील अखेरची वाणी खेड्याच्या पंचांसाठी खर्ची पडली, हा योग मला फार हृद्य वाटतो.

या मसुद्यातून झालेल्या कायद्याची कलमे वाचताना ती लिहिणारास खेड्याची नाडी कळली होती असे जाणवते. ३०० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला पाच ते पंधरा सभासदांचे कौन्सिल मिळाले. धर्मोपदेशक आपसूक अध्यक्ष होण्याची रीत मोडली. एकास सहा मते जाऊन प्रत्येकास एक आले. विवाहित स्त्रीलाही मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क मिळाला, मात्र पती व पत्नी या दोघांनी एकाच मालमत्तेच्या आधारे मतदार होऊ नये असे बंधन राहिले. ग्रामसभा सायंकाळी सहाच्या आधी सुरू करावयाची नाही, असे एक कलम आहे. ते मजुरासाठी आहे, कारण दिवसाउजेडी सभेला यावयाचे तर त्यास रोज बुडवावा लागला असता. दुसरी योग्य जागा मुळीच नसेल तरच मद्याच्या गुत्त्यात सभा घ्यावी, हे दुसरे. आणि शाळेची खोली सभेस विनामूल्य मिळावी, हे तिसरे. झग्यांच्या कोठडीतून सभा मुलांच्या बाकांवर येऊन बसली.

४ डिसेंबर १८९४ रोजी, मंगळवारी, पहिल्या सभा भरल्या. मते द्यावयाची ती हात वर करून. पार्लमेंटसाठी गुप्त मतदानाची पद्धत १८७२ पासून चालू होती, म्हणजे दूर लंडनला जाणाऱ्या प्रतिनिधीसाठी मजुराचे मत झाकलेले होते, आणि ज्याच्या घरात तो राहत होता त्या धन्याला गावच्या कौन्सिलात घ्यावे की न घ्यावे याविषयीचे त्याचे मत मात्र त्या धन्याच्या डोळ्यांदेखत, कंदिलाच्या उजेडात, स्वतःच्या हाताने उंच धरावे लागत होते. मतपत्रिकेची मागणी करता येई, पण तिचा खर्च गावच्या पट्टीवर पडे, आणि तो ऐकून पुष्कळांचे हात खाली येत. हात वर करून मत देण्याची ही पद्धत एका कायद्याने १९४८ साली बंद होईतो, अर्धशतकाहून अधिक काळ, ज्यांनी ज्यांनी असा हात वर केला त्यांच्या धैर्याचे मोजमाप कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. त्या धैर्याची फळे मात्र काही ठिकाणी अजून दिसतात. केंटमधील पेन्सहर्स्ट येथे जेन एस्कोम्ब या बाईंनी पॅरिश कौन्सिलात शिरून मजुरांच्या घरांचा प्रश्न लावून धरला आणि १९०० साली तेथे सार्वजनिक खर्चाने मजुरांसाठी घरे उभी राहिली.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. आरंभी एक वर्षाची असलेली मुदत १९०१ पासून तीन वर्षांची झाली व १९७२ च्या कायद्याने चारांची. वेल्समध्ये पॅरिश हे नाव जाऊन 'कम्युनिटी' आले. लंडनमध्ये या संस्थेस बंदी होती ती २००७ साली उठली आणि क्वीन्स पार्क या वस्तीने २०१४ च्या मे महिन्यात आपले कौन्सिल निवडले. आज अठरा वर्षांचा मतदार एक सूचक आणि एक अनुमोदक एवढ्या बळावर अर्ज भरतो. अनामत रक्कम नाही. मला क्लेश होतो तो याचा की अनेक गावी जागांइतकेही अर्ज येत नाहीत, निवडणूक बिनविरोध झाल्याची नोटीस फलकावर लागते आणि रिकाम्या जागा कौन्सिल स्वतःच भरून घेते, जसे बंद दाराआड ते जुने प्रतिष्ठित लोक करीत असत. मधल्या काळात जागा रिकामी पडली आणि दहा मतदारांनी चौदा दिवसांत लेखी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते. दहा सह्यांचे हे साधन कायद्यात आहे, पण त्या दहा सह्या पुष्कळदा जमत नाहीत.

राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना तेथील या निवडणुकीत मत आहे. म्हणून पुण्याहून किंवा नागपुराहून रीतसर परवान्यावर जाऊन इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात राहिलेला मराठी मनुष्य, भारताचे नागरिकत्व न सोडता, तेथील मतदारयादीत नाव घालू शकतो, आणि कायम वास्तव्याची मुभा मिळाली की उभाही राहू शकतो. दुसऱ्यांच्या शेजारी घर करून राहिलेला, त्या जुन्या ग्रीक शब्दातला उपरा, तो हाच. प्रतिवर्षी १ मार्च ते १ जून यांच्या दरम्यान त्या गावाची वार्षिक सभा भरते, तिच्यात कोणत्याही मतदारास बोलता येते, तेथील ठरावांवर मते अद्यापि हात वर करूनच घेतात, आणि आजच्या कायद्यातही ती सायंकाळी सहाच्या आधी सुरू होत नाही.