महिन्याला दोन मार्क

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक घराला महिन्याला २ मार्क शुल्क पडे. आपल्याकडच्या पूर्वीच्या रेडिओ लायसन्ससारखेच तेही पोस्टामार्फत गोळा होई. त्यातून बातम्या चालत, वाद्यवृंद पोसले जात, आणि त्यातूनच कलोनच्या रेडिओ केंद्रात १९५१ साली इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओची मुहूर्तमेढ रोवली गेली. तिथली वाद्ये म्हणजे मुख्यतः अभियंत्यांची मोजमापाची उपकरणे. टेप सेकंदाला ७६ सेंटिमीटर धावे. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा ध्वनी हवा, तर सुमारे साडेसात सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. एका मुलाचा गाता गळा आणि यंत्राचे स्वर एकजीव करणारी संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांची ‘गेझांग डेर युंगलिंगे’ अशीच घडली. रचना जेमतेम तेरा मिनिटांची, पण १९५५ मध्ये हाती घेतलेले काम श्रोत्यांपुढे आले ते मे १९५६ मध्ये. खपाचा हिशेब मांडणारी कुठलीही कंपनी एवढा धीर धरती ना. सार्वजनिक पैशाने दिलेली खरी गोष्ट यंत्रे नव्हे. सवड, आणि फसण्याची मुभा.

ज्यांना हे संगीत नकोच, त्यांच्या खिशाला चाट का, हा प्रश्न रास्त आहे. त्याहून गंभीर आक्षेप असा, की सरकारी पैशामागून सरकारी हुकूम येतो. नाझींच्या रेडिओने तो खरा करून दाखवला होता. म्हणून तर युद्धानंतर ब्रिटिशांनी बीबीसीच्या धर्तीवर तिथले प्रसारण उभारले: पैसा लोकांचा, कारभार मंत्र्यांच्या हाताबाहेर. दोष तरीही उरला. स्टुडिओत कोणाला घ्यायचे हे बरेचसे प्रमुख हर्बर्ट आयमेर्ट यांच्या पसंतीवर होते, आणि सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला ते शोभत नाही. पण त्यावरचा इलाज दार रुंद करणे हा आहे, स्टुडिओला टाळे ठोकणे नव्हे.

राहिला खिशाचा प्रश्न. हंगेरीतला १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर तिथून निसटलेले संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी या स्टुडिओत आले. टेपवर ध्वनीचे थर रचताना घडलेला कान घेऊन त्यांनी १९६१ मध्ये ‘अॅटमॉस्फिअर्स’ लिहिले, तेही साध्या वाद्यवृंदासाठी. १९६८ मध्ये स्टॅनली कुब्रिक यांनी ते ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त वापरले, आणि कलोनचे नावही न ऐकलेल्या लाखो प्रेक्षकांनी अंधाऱ्या चित्रपटगृहात ते ऐकले.